किलोमीटर नको, खाड्या मोजा: कोकणात सुखरूप कसं फिरायचं

गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, खालच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यामुळे दिवाळी झाली की फोन सुरू होतात आणि दहातल्या आठ जणांचा पहिला प्रश्न ठरलेला, काका, दापोलीहून तुमच्याकडे किती किलोमीटर? मी म्हणतो किलोमीटर सोडा, मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. दाभोळला फेरी मिळाली तर पलीकडे धोपावे आणि तिथून आम्ही जवळच, फेरी चुकली तर खेड-चिपळूण करत या, अख्खी संध्याकाळ गेली समजा. समोरच्याला वाटतं म्हातारा कोड्यात बोलतोय. पण कोकणात असंच आहे, समोरच्या गावातली देवळातली घंटा ऐकू येते आणि तिथे जायला दोन तास लागतात कारण मध्ये पाणी आहे. दरवर्षी तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, लांबलंय, पण निघायच्या आधी वाचा.

आधी यायचं कसं ते. रेल्वे असेल तर रेल्वेच, माझं मत विचाराल तर. फक्त एक लक्षात घ्या, कोकण रेल्वेची स्टेशनं समुद्राकाठी नाहीत, गावापासूनसुद्धा लांब असतात. रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर, मालवणला जायचं तर कुडाळला उतरून पुढे तीसेक किलोमीटर, आणि राजापूर रोड नावाच्या स्टेशनात उतरून राजापूर कुठे म्हणून विचारणारे मी स्वतः बघितलेत. नावात रोड आहे म्हणजे गाव अजून रोडवर पुढे आहे, एवढं धरून चाला. म्हणून रात्री दोनला पोचणारी गाडी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, घेतलीत तर उतरल्यावर न्यायला कोण येणार ते आधी ठरवा, ज्यांच्याकडे राहणार त्यांनाच सांगा, ते ओळखीचा रिक्षावाला पाठवतात आणि पैसेही आधीच कळतात. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. गणपती आणि शिमग्याच्या तारखा असतील तर पहिल्या काही मिनिटांत वेटिंग लागतं, तेव्हा सगळा मुंबईचा चाकरमानी घरी येत असतो, त्या आठवड्यात तुम्ही फिरायला न आलेलंच बरं, रस्ता पण मिळणार नाही आणि खोली पण नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल असतं, दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, तेव्हा कनेक्टिंग गाडीचा हिशोब अर्ध्या तासावर ठेवू नका.

गाडीने येणार असाल तर घाट दिवसा उतरा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पुण्याकडून ताम्हिणी, साताऱ्या-कराडकडून कुंभार्ली, कोल्हापूरहून आंबा नाहीतर गगनबावडा, बेळगावकडून आंबोली, सगळे सुंदर आहेत आणि सगळे रात्री धुक्यात सारखेच वाईट आहेत. उतरताना खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडलीत तर अर्ध्यात ब्रेक तापून वास मारायला लागतो आणि मग पाय दाबून उपयोग होत नाही. आमच्या इथले जुने ड्रायव्हर सांगतात ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, एवढं पुरे. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. पावसाळ्यात वरंध घाट बऱ्याचदा बंद ठेवतात, निघायच्या दिवशी चौकशी करा, मॅप उघडाच दाखवत असतो. आणि मुंबई-गोवा हायवेबद्दल काय बोलायचं, दहा वर्षांहून जास्त झाली काम चालूच आहे. कशेडीला आता बोगदा झालाय त्यामुळे तो घाट टळतो, बाकी ठिकाणी चांगला सिमेंटचा रस्ता चालता चालता एकदम डायव्हर्जन येतं, रात्री ते दिसत नाही.

जोराचा पाऊस लागला असेल तर थांबा, जिथे आहात तिथे थांबा, एक रात्र लॉजचे पैसे जातील. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुराच्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, अंधारात पुढे पूल नाही हे कुणाला कळणार. आणि जुलै २०२१ ला चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. वरून धो धो पाऊस आणि खालून भरती, नदीला समुद्रात जायला जागाच नाही मग ते पाणी शहरात बसतं. आम्ही इथली माणसं पावसाळ्यात म्हणून आधी विचारतो भरती किती वाजता आहे, मग पुढचं बोलतो.

आता फेरी. किनाऱ्याकिनाऱ्याने यायचं असेल तर उत्तरेकडून मोजा, मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे (२०२० पासून), मग आगरदांडा ते दिघी, पुढे बागमांडला ते वेसवी, मग आमची धोपावे-दाभोळ, आणि त्याच्याखाली तवसाळ ते जयगड. गाडी सरळ बोटीत चढते, पलीकडे उतरते. पहिल्यांदा येणाऱ्यांची जरा गडबड होते म्हणून सांगतो. रॅम्पच्या आधी रांगेत थांबा, खलाशी हात करेल तेव्हाच पुढे जा. ड्रायव्हर सोडून बाकीच्यांनी उतरून चालत चढायचं, विशेषतः पोरं आणि म्हातारी माणसं. पहिल्या गिअरमध्ये हळू, मध्येच थांबायचं नाही. ओहोटीला रॅम्पचा जो भाग उघडा पडतो त्यावर शेवाळ असतं, बाईकवाल्यांनी मागच्याला उतरवा आणि पुढचा ब्रेक जोरात मारू नका, तिथे आडवे झालेले मी मोजायचे सोडून दिलेत. बोटीत हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद, आणि एसी लावून आत बसून राहू नका, बाहेर येऊन उभे राहा. हवा पण छान असते आणि काही झालंच तर बंद गाडीत असण्यापेक्षा बाहेर असलेलं चांगलं.

शेवटची फेरी कधी ते त्याच दिवशी विचारून घ्या. पाणी फार उतरलं असेल, वारा असेल, नाहीतर बोटीचं काही बिघडलं असेल तर वेळ मागेपुढे होते. मागच्या वर्षी एक कुटुंब मॅप बघत बघत रात्री साडेअकराला दाभोळच्या धक्क्यावर पोचलं. मोबाइलवर निळी रेघ सरळ पाण्यावरून पलीकडे गेलेली, मॅपमधली बाई बोलत होती पुढे रस्ता आहे, आणि समोर काळोख. मला फोन केला, काका आता काय करू? म्हटलं काय करणार, गाडी वळवा. पहाटे अडीचला आले बिचारे चिपळूणवरून, पोरगी मागच्या सीटवर झोपलेली, मी आणि हिने भात टाकला. तर मॅपवर रेघ पाणी ओलांडताना दिसली की फोन खिशात घालून माणसाला विचारा.

आता भरतीचं सांगतो, हे कुणी नीट सांगत नाही. माझं आजोळ मालवणचं, आजोबा होडीवर होते, शाळा चौथीपर्यंत पण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ. जुन्या लोकांना पावकी निमकी पाऊणकी शिकवायचे ना, ती आजोबांच्या कामाची निघाली. हिशोब असा, आज तिथी कोणती ते कॅलेंडरवर बघा आणि तिला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेनऊ-दहाला पाणी सगळ्यात खाली. अमावस्या-पौर्णिमेला भर दुपारी बाराच्या आसपास आणि परत मध्यरात्री भरती. यात जादू काही नाही, चंद्र रोज पाऊण तासाने उशिरा उगवतो तसं पाणीही रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. हा हिशोब मुंबई-अलिबागकडे बरा जुळतो, मालवणकडे पाणी तासभर आधीच येतं, आजोबा तेवढे वजा करायचे. हल्ली मोबाइलवर टाइड टेबल मिळतं, ते मिनिटाला बरोबर असतं, तेच वापरा, पण रेंज गेली की पाऊणकी आहे.

दुसरी गोष्ट, सगळ्या भरत्या सारख्या नसतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार थोडा. मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाचा चढ चार मीटरच्या वर जातो, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील, खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्माच. आणि पाणी एका चालीने चढत नाही. ओहोटी पुरी झाल्यावर पहिला तास वाटतं काही हलतच नाही, तेवढ्यात आपण निवांत होतो, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासाला ते धावतं. लोक फसतात ते नेमके इथेच.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाड्या पण जातात, सगळे आनंदात असतात. नियम एवढाच की पाणी उतरत असताना आत शिरायचं आणि ओहोटी पुरी झाली की आवरतं घेऊन निघायचं. लोक उलटं करतात, पाणी पूर्ण उतरेपर्यंत किनाऱ्यावर पॅटिस खात बसतात, मग जातात, आत विहीर बघतात, देवळात बसतात, फोटो काढतात आणि बाहेर येतात तर मधल्या खोलगट पट्ट्यात कमरेएवढं पाणी. अशा वेळी पोरांना खांद्यावर घेऊन घुसू नका. आतच थांबा, बोट मिळते का बघा, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बसा, दहा-बारा तास गेले तरी काही बिघडत नाही. वर सांगितलेली पंचमी अशा वेळी उपयोगाची, सकाळी साडेआठला निघालात तर साडेदहापर्यंत आरामात बघून परत. अष्टमीला मात्र भांग असतो, पाणी पुरतं उतरतच नाही कधी कधी, तेव्हा आधी घोडागाडीवाल्यांना विचारा.

आणि गाडी. हात जोडून सांगतो गाडी वाळूत घालू नका. बीचवर गाडी न्यायला बंदी आहे तो भाग वेगळाच, पण ओली वाळू वरून डांबरासारखी घट्ट दिसते आणि गाडी थांबली की चाकाखालची सरकायला लागते. माझ्या चुलतभावाच्या जावयाने हे केलं, नवी कोरी गाडी, नंबरप्लेटला हार तसाच, रील काढायचं म्हणून पाण्याच्या कडेला लावली. चाक रुतलं, ट्रॅक्टर यायला पाऊण तास, तोपर्यंत सीटवर लाटा. ट्रॅक्टरने ओढून काढली, पण पाणी इंजिनात गेलं होतं, इन्शुरन्सवाल्यांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. जावईबापू हल्ली आमच्याकडे एसटीने येतात.

पोहण्याबद्दल मी जरा कडक बोलतो, पाहुण्यांना राग आला तरी चालेल. गणपतीपुळे, आरे-वारे, गुहागर, वेळणेश्वर, सगळीकडे माणसं गेलेली आहेत आणि त्यातली बरीचशी चांगली पोहणारी होती. विहिरीत नाहीतर टँकमध्ये पोहणं वेगळं. गणपतीपुळ्याला किनारा एकदम उतरता आहे, गुडघाभर पाण्यात उभे आहात असं वाटतं, एक लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते आणि दोन पावलांवर गळ्याएवढं पाणी. तिथे बोर्ड लावलेत, ते शोभेला नाहीत. आम्ही म्हणतो पाण्याला ओढ आहे. ती ओढ ओळखायची कशी, तर लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतो, जरा गडद, फेस आणि कचरा त्यातून आत समुद्राकडे चाललेला. नवख्याला वाटतं इथे लाट नाही, इथेच उतरू. तीच जागा वाईट, लाटांनी आणलेलं सगळं पाणी त्या पट्ट्यातून परत जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारू नका, ओढीशी कुणी जिंकत नाही, दमून बुडतात. पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटाच तुम्हाला आत आणतात. दुसरा बुडताना दिसला तर हाताला हात धरून साखळी करून जाऊ नका, एकाच्या मागे चार जण गेल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. दोरी, रिकामा कॅन, थर्माकोलचा डबा, काय हाताला लागेल ते फेका आणि कोळीवाड्याकडे ओरडत सुटा.

दारू पिऊन पाण्यात नाही. जून ते ऑगस्ट घोट्याच्या वर पाण्यात नाही. पोरं हाताच्या अंतरावर, मोबाइल खिशात. खडपावर चढताना जाड सोलची चप्पल घाला, खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, वाळूत पाकट (चपटा मासा) बसलेलं असलं तर ते सरकून जातं, त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घालतं. लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जा.

किल्ल्यांच्या बोटी, हा आवडता विषय. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गला दहा-पंधरा मिनिटं लागतात. महाराजांनी १६६४ ला कुरटे बेटावर पाया घातला तो जागा बघूनच घातला, भोवती पाण्यात सगळे खडक, बोटीला यायची वाट ठरावीक आणि ती इथल्या तांडेलालाच, म्हणजे होडी चालवणाऱ्यालाच, माहीत. तेव्हा भाड्याची कयाक घेऊन आपण आपले किल्ल्याला वळसा घालू वगैरे कल्पना मनात आणू नका. मे संपत आला की प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स दोन्ही बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत, त्या काळात कुणी तुम्हाला बाजूला घेऊन, चला साहेब मी नेतो, असं म्हणालं तर नमस्कार करून निघा. कोळी लोक स्वतः जून-जुलैत मासेमारीला जात नाहीत, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर मग होड्या पाण्यात.

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, मांडीवर ठेवायचं नाही, त्याचे बंद बांधा. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, समुद्र शांत, दुपारी चारच्या सुमाराला, तरी माणसं गेली. त्यामुळे दहा मिनिटांचं तर अंतर आहे, हे बोलणं सोडून द्या. बोट भरली असेल तर पुढची घ्या, तासाभराने काही किल्ला हलत नाही. चढताना-उतरताना घाई नको. मी जंजिऱ्याला गेलो तेव्हा राजपुरीहून शिडाच्या होडीने गेलो होतो, दरवाजाशी होडी वरखाली होत असते, पायरी एकदा समोर दिसते एकदा डोक्यावर. होडी वर आली की पाय टाकायचा, हातात फोन नको, आणि खलाशाचं मनगट धरायचं, बोटं नाही. सिंधुदुर्गला एकदा एक बाई लाटेच्या मध्येच उतरायला निघाल्या तर म्हाताऱ्या तांडेलाने त्यांना चक्क दटावलं, "वायच थांबा गो बाय, लाट जांवदे, मगे पाय टाका." त्या जरा रागावल्या, पण थांबल्या. परतीची शेवटची बोट कितीला ते जातानाच विचारा.

तारकर्ली-देवबागला वॉटर स्पोर्ट्स करणार असाल तर एक गोष्ट आधीच बोलून घ्या, बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम उलटवतात, तीच तर मजा असते त्यांची. पोहता येत नसेल, दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा उलटवू नका म्हणून, ऐकतात. स्कूबाला सर्दी असताना जाऊ नका, कान फार दुखतात. देवबागच्या पुढे खाडीच्या तोंडाशी त्सुनामी आयलंड म्हणून जो वाळूचा पट्टा आहे त्याच्याभोवती खाडी आणि समुद्र दोन्हीचं पाणी ओढतं, तिथे नेतील तेवढ्याच जागेत खेळा.

स्कूटर भाड्याने घेऊन फिरणं मला स्वतःला सगळ्यात आवडतं, रत्नागिरीहून आरे-वारेवरून गणपतीपुळ्याचा रस्ता तर कारमधून बघूच नये. फक्त गाडी घेताना नंबरप्लेट बघा, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती भाड्यासाठी परवाना असलेली गाडी. साध्या पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी घेतलीत आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. घेण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ब्रेक, लाइट, हॉर्न बघा, हेल्मेट मागा, पट्टा लागतो का ते बघा. आमचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून हॉर्न वाजवत जायचं, इथे कुणी वाईट मानत नाही. समोरून एसटी आली तर तुम्हीच बाजूला व्हा, तिला मागे जायला जागा नसते आणि ड्रायव्हरला सवयही नाही. पहिल्या पावसात लाल मातीचा जो चिखल रस्त्यावर येतो तो साबणासारखा असतो, आणि पाखाडीवरून, म्हणजे वाड्यावाड्यांतून उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्यांवरून, शेवाळ धरल्यावर आम्ही इथलेसुद्धा बसून उतरतो. पेट्रोल तालुक्याच्या गावातच भरून घ्या, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, मैलोन् मैल काही नसतं, वाऱ्याशिवाय. रोख पैसे ठेवा, यूपीआय सगळीकडे आहे पण रेंज सगळीकडे नाही, आमच्या गावात रेंज देवळाच्या मागच्या चौथऱ्यावर येते, तिथे संध्याकाळी सभा भरल्यासारखी माणसं दिसतील.

स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही. एसटी जाते सगळीकडे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. फक्त गाड्या कमी असतात आणि फलकावर नसलेल्या पण असतात. वस्तीची गाडी नावाचा प्रकार समजून घ्या, ती संध्याकाळी तालुक्याहून गावात येते, रात्रभर तिथेच मुक्काम, पहाटे परत जाते. सकाळची ट्रेन पकडायची असेल तर ही सगळ्यात भरवशाची, कारण ती गावातच उभी असते. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवलं तर दोन मिनिटं थांबतो पण. रिक्षा मीटरवर नाही, बसण्याआधी भाडं ठरवा, परतीचं धरून की सोडून ते स्पष्ट बोला. अलिबागकडे मिनीडोर, इतर ठिकाणी सहा आसनी किंवा मॅजिक, माणसं भरेपर्यंत हलणार नाहीत, चिडू नका.

रात्री अंगणात, पडवीत, संडासाकडे जाताना बॅटरी घेऊन जा आणि चप्पल झटकून घाला. इथे सापाला रात्री साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, मालवणीत किरडू. घाबरवत नाही, आम्ही इथेच लहानाचे मोठे झालो, पण जांभ्याच्या चिऱ्यांत फुरसं बसतं, ते लहान असतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. चावलंच तर दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, अंगठी-बांगडी काढा, हात किंवा पाय हलणार नाही असा बांधा आणि सरळ ग्रामीण रुग्णालय, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही विषांवर एकच लस असते. ती तिथे आहे ना ते वाटेतूनच फोन करून विचारा. लाल विंचवाचंही तसंच. पूर्वी आमच्याकडे विंचवाने पोरं जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि ते प्रमाण कितीतरी खाली आलं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर दरदरून घाम आणि हातपाय गार पडायला लागले तर एक मिनिट घालवू नका, औषध आहे, फक्त वेळेत पोचायचं.

नंबर लिहून घ्या, मोबाइलमध्ये नको, कागदावर. ११२ सगळ्यासाठी, १०८ अँब्युलन्स, समुद्रात काही झालं तर १५५४ कोस्ट गार्ड आणि १०९३ सागरी पोलीस, दरड-पूर वगैरेसाठी जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. आणि ज्यांच्याकडे राहताय त्यांना सकाळी निघताना कुठे चाललात ते सांगून जा. उगाच चौकशा करतात असं शहरातल्या लोकांना वाटतं, पण संध्याकाळी सातपर्यंत तुम्ही आला नाहीत तर कुठल्या खाडीवर फोन करायचा ते आम्हाला कळायला नको?

एवढं सगळं नीट पाळून माणूस सुखरूप आमच्या अंगणात येतो आणि गाडी माडाखाली लावतो, सावली आहे म्हणून. बोर्ड लावलाय मी, मोठ्या अक्षरात, तरी लावतात. गेल्या डिसेंबरात एकाची पुढची काच गेली, सकाळी सगळे चहा घेत असताना धाडकन आवाज. चिपळूणहून काच मागवेपर्यंत दोन दिवस जास्त राहावं लागलं त्यांना, आणि जाताना तो नारळ मात्र आठवणीने मागून घेऊन गेले.